स्टिकर घट्टच होता

मी बडबडी बाई आहे. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं आमच्या घरात सगळेच म्हणतात. माझ्या बाळंतपणापासून शेजारणीच्या सुनेच्या रुसव्यापर्यंत सगळं मी ज्याला त्याला सांगून मोकळी होते. ही एवढी एकच गोष्ट आजवर बाहेर आली नाही. नवऱ्याला सांगितली नाही. आईच्या शेवटच्या आजारपणात तिच्या उशाशी बसून दोनदा ओठांवर आली — तिलाही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा हिला वगळूनच बोलते, जसं काही त्याला तेवढंच ठाऊक नसावं. मग तुम्हालाच का सांगते आहे? तुमचा चेहरा मला दिसत नाही, म्हणून असेल.

माझं काम आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. ज्यांच्या हृदयाचा ठोका मंदावतो त्यांच्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा लहान असं एक यंत्र बसवतात — पेसमेकर. त्याची तार हृदयात जाते आणि हृदय ठोका विसरलं की त्याला आठवण करून देते. डॉक्टर ती तार आत सरकवत असतात तेव्हा बाजूला मशीनपाशी बसून ‘सर, इथे नको, थोडं पुढे’ असं सांगणारं एक माणूस लागतं. पुढे पेशंट वर्षानुवर्षं तपासणीला येत राहतो. बॅटरी किती उरली, तार जागेवर आहे का, हे बघणारंही तेच माणूस. ते माणूस मी. बोईसरच्या एका रुग्णालयात मी हे करते आणि नव्या मुलामुलींना शिकवतेही. कुंभवली-सरावलीची मुलं येतात, डहाणूकडची येतात, एखादं आतल्या डोंगरातल्या पाड्यावरचंही येतं. कारखान्यात जायचं नाही म्हणून आलेली असतात बहुतेक, आणि मग त्यांना खरंच गोडी लागते.

मी चांगली शिकवते. हे मी आढ्यतेने सांगत नाही — म्हणजे थोडं आढ्यतेनेच सांगते आहे. माझ्या हाताखालची मुलं चुकत नाहीत, असा माझा लौकिक आहे. आणि हा लौकिकच त्या दिवशी...

नाही, थांबा. आधी तंद्रीचं सांगायला हवं.

लहानपणी आई मला गॅससमोर उभी करायची. ‘दूध वर आलं की बंद कर.’ एवढंच काम. आमची वाडी पालघरजवळच्या माहीमकडे, पानवेलींची आणि केळीची. मागच्या दाराने आत येणारा उजेड हिरवट असायचा आणि त्या उजेडात दूध हळूहळू वर यायचं. आधी कडेने बारीक बुडबुडे, मग साय मधून फुगायची, थरथरायची, पातेल्याच्या काठाशी येऊन क्षणभर थबकायची. मी बघत राहायची. हात बटणावर असायचा, हो, बटणावरच! आता उतू जाणार हे मला दिसत असायचं, कळत असायचं — आणि हात फिरायचा नाही. दूध शेगडीवर सांडून करपल्याचा वास सुटला की आई धावत यायची. ‘अगो, दूद उतू जाते नी तू बगत काय बसलीस?’ काय सांगणार? की ते फार सुंदर दिसत होतं? नंतर घरात तो विनोदच झाला. माझ्या लग्नात मामांनी नवऱ्याला सांगितलं, जावईबापू, दूध तेवढं स्वतः तापवा.

तर, हीच मी, मशीनसमोर बसते. मशीनच्या पडद्यावर रेघ चालते. डावीकडून उजवीकडे, उंचवटा, उतार, उंचवटा. तुम्हाला ती एक रेघ वाटेल. मला तिच्यात ओहोटीची खाडी दिसते, पाणी हलकेच सरकतंय न सरकतंय अशी. तासन्‌तास बघू शकते मी ती. सगळे म्हणतात, मॅडमचं केवढं लक्ष असतं! लक्ष आणि तंद्री बाहेरून सारखीच दिसतात हो.

दर्शना कुंभवलीची. वडील औद्योगिक वसाहतीत कारखान्यात कामाला, त्यांच्या डब्याच्या पिशवीला आणि हिच्याही ओढणीला तिथला तो उग्र वास यायचा. तेल लावून घट्ट वेणी, छातीशी धरलेली पाण्याची बाटली. काहीही सांगितलं की म्हणायची, ‘मॅडम, आमी परत एकदा करू का?’ आणि परत करायची. मी तिला पेशंटदेखत सुधारायचे — आमी नाही गं, आम्ही. ती लाजून हसायची. हुशार होती का? होती, पण तिच्याहून हुशार मुलं माझ्याकडे येऊन गेली. तिच्यात होती ती काळजी. तिचा हात पेशंटच्या खांद्यावर पडला की माणूस शांत व्हायचा. उत्तरेकडून आलेले कामगार यायचे, घाबरलेले — ‘मशीन बंद तो नहीं हो जाएगा ना, बहन?’ — त्यांच्याशी ही तिच्या मोडक्या हिंदीत इतकं बोलायची की मला म्हणावं लागायचं, पुरे गं बाई, रांग आहे बाहेर. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात आमच्याकडचं एक जण वर्षभर शिकायला जाणार होतं. दर्शनाच जाणार हे सगळे धरून चालले होते, मीही.

आता जनूकाका. इथल्याच किनाऱ्यावरच्या दांडीचे. सगळा जन्म बोटीवर गेलेला, हात असे की पेसमेकरसुद्धा त्यांच्या तळव्यात चिंचोक्यासारखा दिसला असता. त्यांचं हृदय पूर्णपणे यंत्रावर चालत होतं. म्हणजे काय, तर हृदयाचा वरचा कप्पा आपला हाक मारत होता, पण ती हाक खाली पोचतच नव्हती. खालच्या कप्प्याला जागं करायचं काम पेसमेकर करायचा. यंत्र थांबलं तर खाली काहीच नाही. हे मला माहीत होतं. आधीच्या तपासणीत मीच ते बघितलं होतं.

आमच्यात एक तपासणी असते. यंत्र क्षणभर थांबवून बघायचं, पेशंटचा स्वतःचा ठोका शिल्लक आहे का. त्याची रीत आहे. ठोके आधी हळूहळू कमी करायचे, विहिरीच्या पायऱ्या उतरावं तसं, प्रत्येक पायरीवर थांबून. खाली पाणी, म्हणजे पेशंटचा स्वतःचा ठोका, दिसलं नाही तर माघारी फिरायचं. उडी मारायची नाही. हे वाक्य माझंच आहे, प्रत्येक मुलाला मी ते ऐकवते. आणि यंत्र थांबवायचं बटण असं असतं की पडद्यावर पेन टेकवून धरलं की पेसमेकर गप्प, पेन उचललं की लगेच चालू. मुद्दामच तसं केलंय. पेन धरणारा माणूस दचकला, घाबरला, बेशुद्ध पडला, तरी हात सुटतो आणि यंत्र चालू होतं. सगळं त्या हात सुटण्यावर आहे.

चैत्रातली दुपार होती. पंखा गरम हवा ढवळत होता. जनूकाका खाटेवर आडवे झाले, काकी दाराबाहेर बाकावर बसल्या. दर्शनाने त्यांची छाती पुसली, स्टिकर लावले — ज्यांच्यातून ती रेघ मशीनवर येते ते चिकट स्टिकर — प्रत्येकावर अंगठा दाबून धरला आणि त्यांच्या उशाशी जाऊन उभी राहिली, हात खांद्यावर. काका मला म्हणाले, ‘काय गो बाय, आज माजी होडी किनाऱ्याला लावतेस का बुडवतेस?’ मी म्हटलं, काका, तुमची होडी बुडवायची कुणाची छाती आहे? आम्ही तिघंही हसलो.

बॅटरी बघून झाली, तार बघून झाली. तपासणी संपली होती. मग मी ठोके उतरवायला घेतले. का? दर्शनाला दाखवायचं होतं, असं मी नंतर स्वतःला पुष्कळ सांगितलं. मुंबईला जाणार आहे पोरगी, तिने एकदा बघितलेलं असावं. पण दाखवायचंच होतं, तर मशीनचा पडदा तिच्याकडे वळवला का नाही? पडदा माझ्याकडे होता. तिला दिसत होती फक्त मशीनची पाठ.

एकेक पायरी उतरले. पाणी नाही. माघारी फिरायचं — मी पेन टेकवलं.

मोठे उंचवटे गेले. आणि मागे उरले ते छोटे. वरच्या कप्प्याचे. एक, मग जरा अंतराने दुसरा, मग तिसरा — बारीक, गोल, एकसारखे. हाक मारल्यासारखे, आणि उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. इतकं शांत मी काही पाहिलं नव्हतं. पंख्याचा आवाज दूर गेला. त्या खोलीत मी आहे, हेच मला आठवेना, मी आमच्या मागच्या दाराशी त्या हिरव्या उजेडात उभी होते. ‘मॅडम,’ असं कुणीतरी हळू म्हणालं. मी ऐकलं. ऐकलं नाही असं म्हणण्याची सोय नाही मला, ऐकलं. म्हटलं, अजून एक. एवढा एक उंचवटा बघू.

चूक झाली असं लोक म्हणतात ना — हात चुकला, नजर चुकली. माझं काहीच चुकलं नव्हतं. मला दिसत होतं, कळत होतं, आणि पेन मी उचललं नाही.

खाट करकरली. काकांचं अंग ताठलं, झटका आला, डोळे वर गेले. ‘मॅडम!’ दर्शना किंचाळली आणि माझा हात सुटला. लगेच मोठा उंचवटा आला, त्याच्यामागे दुसरा. यंत्र भलं, माणसासारखं रुसून बसत नाही. काका शुद्धीवर आले. जीभ चावली गेली होती, ओठांवर रक्त. लुंगी ओली झाली होती. एवढा समुद्र अंगावर घेतलेला माणूस, त्याने पहिल्यांदा काय केलं असेल? चादर ओढून घेतली. काकी दारात येऊन उभ्या होत्या, त्यांनी बघू नये म्हणून.

दर्शना पाणी आणायला, डॉक्टरांना बोलवायला धावली. खोलीत काका, काकी आणि मी. काकी त्यांचं तोंड पुसत होत्या. आणि मी — हेच ते, याच्याभोवतीच इतका वेळ फिरते आहे — मी खाटेवर वाकले, काकांना धीर देण्यासाठी वाकावं तशी, आणि अंगठ्याच्या नखाने त्यांच्या बरगडीवरच्या स्टिकरची कड उचकटली. घट्ट बसला होता. एका दमात निघाला नाही. दोनदा नख घालावं लागलं.

डॉक्टर आले. काय झालं, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सर, स्टिकर निघाला होता, अचानक रेघच गेली, पेन तसंच टेकवून रेघ का गेली ते बघत राहिले आणि तेवढ्यात — त्यांनी छातीकडे पाहिलं. कड उचकटलेली होती. मी पुढे एक शब्द बोलले नाही. बोलायची गरजच नव्हती. स्टिकर कुणी लावले हे त्यांना माहीत होतं. दर्शना दारात पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. तिनेही तो स्टिकर पाहिला. ‘मी दाबला होता,’ असं ती म्हणाली नाही. ती म्हणाली, ‘घाम नीट पुसला नाय वाटतं मी, सर.’

वड्याचं तेल वांग्यावर काढणारी माणसं मी बघितली आहेत आणि त्यांना नावंही ठेवली आहेत. त्यांना निदान राग तरी आलेला असतो. मला कशाचा राग होता? मला फक्त माझा लौकिक हवा होता. आणि त्याहून जास्त — मी काय बघत होते, हे कुणाला कळू नये, एवढंच हवं होतं. निष्काळजी म्हणाले असते तर एक वेळ सोसलं असतं. पण एक माणूस मरणाच्या दारात असताना ही बाई ते डोळे भरून बघत बसली होती, हे कुणाला कसं सांगणार?

मुंबईला दुसराच मुलगा गेला. दर्शनाला मशीनवरून काढून बाहेरच्या खोलीत साधे ईसीजी काढायला बसवलं. मी मध्ये पडले नाही. उलट तिची समजूत काढली, होतं गं, शिकशील. तिने माझे आभार मानले.

काका त्यानंतर तपासणीला येईनात. ‘मना त्या मशिनीखाली परत नको,’ असं त्यांनी मुलाकडून कळवलं. न येणं धोक्याचं होतं, बॅटरी कधी उतरेल हे बाहेरून कळत नाही. जायचं कुणी? मी नाही गेले. दर्शना गेली. सुट्टीच्या दिवशी एकटी दांडीला गेली, काकांच्या पाया पडली आणि म्हणाली, काका, चूक माजी होती, मशिनीची नव्हती, तुमी या. हे तिनेच मला येऊन सांगितलं. काकी म्हणाल्या म्हणे, ‘पोरी, हातान काम करणाऱ्याच्या हातानच चूक व्हते. रडतेस कशाला?’ आणि येताना वाळवलेले बोंबील बांधून दिले. त्यातले अर्धे तिने माझ्यासाठी आणले. मी ते भाजून खाल्ले. चांगले होते.

त्यानंतर काका येत राहिले, पण एका अटीवर. ती पोरगी उशाशी पाहिजे. म्हणून तिला त्या दिवसापुरतं आत बोलवावं लागायचं. त्यांचा तो मोठा हात तिच्या हातात, आणि मी मशीनपाशी. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. माझ्या मनात ते दर तपासणीला लख्ख पडायचं. पण पेसमेकर मी पुन्हा कधी थांबवला नाही, त्यांचा किंवा कुणाचाच. ती तपासणी मुलांना करायला लावते आणि खिडकीबाहेर बघते. पुढे काका म्हातारपणानेच गेले, झोपेत. दर्शना दांडीला जाऊन आली. मी कामात होते.

ईसीजीच्या खोलीतून मशीनपर्यंत परत यायला तिला वर्षं लागली. पण आली. आता लग्न झालंय, मुलगी शाळेत जाते, पालघरला नवं केंद्र निघालंय तिथे ती शिकवते. आमी म्हणते, आणि कुणी सुधारलं तर ऐकत नाही. गेल्या महिन्यात तिच्या नव्या मुलांचा पहिला वर्ग होता. तिने मला बोलावलं. पुढच्या रांगेत खुर्ची, हातात चिकूच्या झाडाचं रोप. ‘ह्या माझ्या मॅडम. मी आज उभी हाय ती यांच्यामुळे.’ मुलांनी टाळ्या वाजवल्या.

मग तिने शिकवायला सुरुवात केली, आणि सुरुवात कशाने केली असेल? स्टिकरने. छाती कशी पुसायची, अंगठा किती दाबायचा, कड पुन्हा तपासायची. आणि मग ती शांतपणे म्हणाली, ‘माझ्या एका सुटलेल्या स्टिकरमुळे एक माणूस मरता मरता वाचलाय. हे मी प्रत्येक वर्गाला सांगते, कारण लपवलं तर तुमी पण तेच करणार.’ तिने सगळं सांगितलं. चैत्रातली दुपार, काकांची होडी, ओली लुंगी, दांडी, बोंबील. न केलेल्या गुन्ह्याची कबुली ती वीस मुलांपुढे मान ताठ ठेवून देत होती. आणि मी रोप मांडीवर घेऊन बसले होते.

पुढे तिने फळ्यावर रेघ काढली. म्हणाली, मोठे उंचवटे गेले पण छोटे दिसतायत, तर स्टिकर जागेवर आहे, थांबलंय ते हृदय, ताबडतोब हात उचला. छोटे पण गेले, सगळंच गेलं, तर बहुतेक स्टिकर सुटलाय. तरी हात आधी उचला, मग बघा. हे मीच तिला शिकवलं होतं, याच शब्दांत.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. ‘मॅडम, मग त्या दिवशी छोटे उंचवटे दिसत होते की नव्हते?’

दर्शना थांबली. खडू तसाच हातात. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिच्या मनात एकदाही आला नव्हता, हे मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. माझ्यावर तिचा विश्वासच तेवढा होता. ती माझ्याकडे वळली. डोळ्यांत संशय नव्हता. शपथेवर सांगते, नव्हता. ‘मला पडदा दिसत नव्हता,’ ती मुलीला म्हणाली. ‘मॅडमना दिसत होता. मॅडम, दिसत होते का हो?’

पंख्याचा आवाज दूर गेला. दूध काठाशी येऊन थबकलं होतं आणि हात बटणावर होता.

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘काहीच दिसत नव्हतं.’

तिने मान हलवली, फळ्याकडे वळली आणि मुलांना म्हणाली, बघा, म्हणून सांगते, स्टिकर.

दिसत होते. बारीक, गोल, एकामागून एक. स्टिकर घट्टच होता.